साहेबाची बुलेट

पाटी लिहायचं काम स्नेहलकडे आलं, कारण घरात अक्षर तिचं चांगलं. मजकूर सासऱ्यांनी, यादवरावांनी, सांगून ठेवला होता: विलायती बुलेट, १९४२, देवळालीच्या लष्करी साहेबाने आमच्या वडिलांना दिलेली. सकाळी जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात ती गाडीपुढे लागायची होती. साहेबाची गोष्ट सगळ्या पंचवटीला पाठ. गाडीचे कागद पुरात गेले, गोष्ट तेवढी राहिली.

स्नेहलचा हात मात्र चालेना. तान्ह्या ओमला पाजता पाजता, मोकळ्या हातात मोबाइल धरून, तिने दुसऱ्या महायुद्धातल्या गाड्यांचे फोटो पाहिले होते. त्यांचं मागचं चाक सांगाड्यातच घट्ट बसवलेलं, स्प्रिंगा नाहीतच. या गाडीला दोन्ही बाजूंना स्प्रिंगा होत्या, आणि त्या मागाहून बसवल्याची कुठलीही खूण नव्हती. वेगाचा काटाही मैलांचा नाही, किलोमीटरचा. शेवटी तिने चेसिसचा नंबर रॉकेलने घासून काढला आणि जाणकारांना पाठवला. उत्तर आलं: मद्रासचा कारखाना, १९६४.

साहेब तर त्याच्या कितीतरी आधी बोटीत बसून गेले होते.

तिने सासऱ्यांना सांगितलं. ते आधी हसले, मग चिडले. म्हणाले, काल घरात आलेल्या पोरीने आमच्या वडिलांना खोटं पाडू नये. आणि गॅरेजवाल्यासारखं गाडीखाली घुसणं सुनेला शोभतं का? सासूबाई, कमळाबाई, मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

सकाळी स्नेहलचा नवरा सुनील किका मारून घामाघूम झाला. एकदा तर किक उलटी येऊन त्याच्या नडगीवर बसली. यादवराव म्हणाले, "साहेबाची गाडी आहे, मिजास असणारच."

कमळाबाई पायरी उतरून आल्या. पदर खोचला. इंजिनातला दाब सोडणारी हँडलजवळची छोटी तरफ दाबून किक हलकेच खाली सोडली, विजेचा प्रवाह दाखवणारा अँपिअरचा काटा बरोबर मध्ये आणला, तरफ सोडली आणि एकच किक मारली. गाडी धडधडू लागली.

सुनील नडगी चोळत बघतच राहिला. ज्या बाईने गाडीला कधी फडकंसुद्धा लावलं नव्हतं, तिच्या पायात हे आलं कुठून?

"आई, कुणाची आहे ही?" स्नेहलने विचारलं.

"मना बापनी गाडी शे," कमळाबाई म्हणाल्या.

माहेरची, मालेगावची ती बोली त्यांच्या तोंडून या घरात कुणी ऐकली नव्हती. मग हळूहळू सगळं निघालं. माहेरी कमळाबाई हीच गाडी चालवायच्या, आणि लग्नानंतर त्यांच्या वडिलांनी ती लेकीच्या दारात आणून उभी केली. सासऱ्याच्या गाडीवर मिरवतो म्हणून दोस्तांनी यादवरावांना डिवचलं, आणि त्या साली देवळालीचा साहेब जन्माला आला.

"इतकी वर्षं गप्प बसलीस," यादवराव पुटपुटले, "आता लोक काय म्हणतील?"

"म्हणू द्या. तुम्ही ऐका. मी लय ऐकलं."

स्नेहलने पाटी पुढे ओढली. १९६४, मद्रास, असं लिहिलं आणि खाली मोठ्या अक्षरात कमळाबाईंचं नाव घातलं. कमळाबाईंनी ती वाचली आणि स्वतःच्या नावावर बोट ठेवलं. "ह्याच्या आधी बापाचं नाव येऊ दे. लंगड आडनाव त्यांचं, गोरक्ष लंगड."

पाटी सुनीलकडे देऊन स्नेहल हँडल धरायला गेली, तर सासूबाईंनी तिचा हात बाजूला केला.

"हिचा गिअर उजव्या पायाला हाय. तुझ्या स्कूटीसारखं नाय ते. मागं बस."

स्नेहलने पाळण्यातल्या ओमला उचलून यादवरावांच्या कडेवर दिलं आणि मागे बसली.