गादीत झोपलेलं इंजिन

हे तुम्हाला खरं वाटणार नाही, ते आधीच सांगून ठेवतो. आमच्या तळमजल्यावरच्या टेलरला वाटलं नाही, वरच्या भाडेकरूला वाटलं नाही, आणि सांगता सांगता मध्ये एकदा तर मलाही वाटेना. पण म्हणून गोष्ट थोडीच थांबते?

झालं असं, की वरचा भाडेकरू बदली होऊन लांब चालला होता. बायको मुलीला घेऊन पुढे गेलेली आणि हा सामानासाठी मागे राहिलेला. बाकीचं सगळं ट्रकात चढलं, राहिली त्याची मोटारसायकल. दोन माणसं अंगणात तिला पुठ्ठा आणि फोम गुंडाळत होती, आणि हा बाळंतिणीच्या खोलीबाहेरच्या नवऱ्यासारखा येरझाऱ्या घालत होता.

"अहो, तिथे जरा जपून. तो इंडिकेटर नवीन आहे. अहो, आरशाला दोरी नको, आरशाला नको!"

"साहेब," गुंडाळणारा म्हणाला, "तुम्ही जरा तिकडे बसता का? तुमच्याकडे बघून माझ्या गाठी सुटतायत."

मी पायरीवर सरकून जागा केली. "या इकडे. मोटारसायकल लांब न्यायची म्हणजे काय असतं, ते मला विचारा."

टेलर दुकानाच्या दारात उभा होता. त्याने गळ्यातली टेप सारखी केली. "झालं. काका, आखूड सांगा. माझी एक पँट राहिलीय."

"आखूड करणं तुझं काम. मी मापाने सांगतो."

आमचं स्वयंपाकघर त्या पायरीच्या अगदी पाठीमागे आहे आणि त्याची खिडकी कायम उघडी असते. हे ध्यानात ठेवा.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. मला दूरच्या एका कारखान्यात नोकरी लागली. ही तेव्हा शाळेत शिकवायची. परीक्षा संपल्याशिवाय तिला निघता येईना. म्हणून मी सामान घेऊन ट्रकने पुढे जायचं आणि तिने मागून रेल्वेने यायचं, असं ठरलं. सामानात एक लोखंडी कपाट, पलंग, घासलेटचा स्टोव्ह, पिठाचा डबा, असला नव्या संसाराचा पसारा, आणि एक मोटारसायकल. काळी, टाकीवर चंदेरी पट्टा. सासऱ्यांकडून आलेली. हिचा त्या मोटारसायकलवर फार जीव. तसा माझ्यावरही होता, पण माझा नंबर दुसरा.

निघायच्या दिवशी हिने मला बाजूला घेतलं. मला वाटलं, आता डोळ्यांत पाणी येणार. माझ्या नव्हे, तिच्या.

"नीट ऐका," ही म्हणाली. "मी स्टेशनातून बाहेर येईन तेव्हा दारात मोटारसायकल उभी पाहिजे. ती दिसली नाही, किंवा दिसली आणि तिच्यावर एक जरी ओरखडा असला, तर मी तशीच मागे फिरेन आणि परतीच्या गाडीत बसेन. मग करा तुम्ही कपाटाबरोबर संसार."

"काकू बोलल्या तर करतीलच," टेलर म्हणाला. "त्यांचा कोट एकदा मी उशिरा दिला होता. अजून माझ्या दुकानावरून जाताना त्या घड्याळ बघतात."

"काका, मग?" भाडेकरूने विचारलं. त्याचं एक लक्ष फोमकडे होतं, पण एक कान माझ्याकडे आला होता.

मग काय! हिने स्वतः मोटारसायकल बांधली. खाली एक गादी, वर एक गादी, मध्ये दोन रजया. दिव्याला स्वतःचा स्वेटर घातला, वर बटणंसुद्धा लावली. मला ताप आला होता तेव्हा एक चादर मिळाली होती, तीसुद्धा मागून. आरसे काढून पिठाच्या डब्यात पुरले, हादरे बसू नयेत म्हणून. मग ट्रकचा ड्रायव्हर आला. हा माणूस कशालाही 'सावकाश' म्हणायचा, म्हणून मी त्याचं नाव सावकाशराव ठेवलं. त्याने पहिलं काम काय केलं, तर टाकीतलं पेट्रोल शेवटच्या थेंबापर्यंत काढून घेतलं. भरल्या टाकीची गाडी तो सामानात घेत नसे.

"आम्हीही काढलं," भाडेकरू म्हणाला.

"शहाण्यासारखं केलंत."

सावकाशरावाने मोटारसायकल ट्रकात मधोमध उभी केली आणि चारी बाजूंनी दोर आवळून बांधली. पुढे कपाट, मागे पलंग. त्याच्याशेजारच्या सीटवर त्याने स्वतःचं अंथरूण, डबा आणि एक सुटा टायर बसवला होता. मला म्हणाला, "तुम्ही मागे बसा, सामान आपलंच आहे." मी गादीला पाठ लावून बसलो. रस्ताभर मी एकच गोष्ट विचारत होतो, रेल्वेच्या आधी पोचू ना? आणि तो एकच उत्तर देत होता, सावकाश पोचू.

आणि घाटाच्या पायथ्याशी ट्रकचं इंजिन बंद पडलं.

खोकलं, थुंकलं, आणि गप्प. सावकाशरावाने झाकण उघडलं, आत बघितलं, झाकण लावलं. "होईल सावकाश," म्हणाला आणि झाडाखाली जाऊन आडवा झाला. घोरायला मात्र त्याने अजिबात उशीर लावला नाही. समोर घाट, घाटापलीकडे स्टेशन, आणि ही तिकडे रेल्वेत बसलेली. मला परतीच्या गाडीची शिट्टीसुद्धा ऐकू यायला लागली. मी ट्रकात उडी मारली, रागाने एक पाय आपटला, आणि मोटारसायकलच्या मागच्या चाकाखालची फळी कडकन मोडली.

"अरे देवा!" भाडेकरू उठून उभा राहिला आणि आपल्या ट्रकच्या फळ्या बघून आला.

"मागचं चाक खाली गेलं," मी सांगितलं, "आणि थेट रस्त्याला टेकलं."

"काका," टेलर म्हणाला, "ट्रकची फळी माझ्या कमरेइतकी उंच असते. मोटारसायकलच्या चाकाला काय पाय फुटले?"

"आमचं कपाट बघितलंयस ना तू? त्याच्या वजनाने ट्रक बसला होता. सरपटत चालला होता म्हण."

टेलरने कपाट बघितलं होतं. त्याने टेप पुन्हा गळ्यात सारखी केली. आमच्या घरी ते दारातून आत आलं नव्हतं, दारच सरकवावं लागलं होतं, पण ती वेगळी गोष्ट.

तर चाक रस्त्यावर, मोटारसायकल चारी बाजूंनी ट्रकला बांधलेली. डोक्यात वीज चमकली! इंजिन ट्रकचं मेलंय, पण इथे गादीत एक इंजिन झोपलेलं आहे, त्याला उठवलं तर?

"आणि पेट्रोल?" टेलरने टेप माझ्यासमोर नाचवली. "पकडलं की नाही? पेट्रोल तर काढलं होतं!"

"स्टोव्ह," मी म्हणालो.

"काय स्टोव्ह?"

"स्टोव्हची टाकी काठोकाठ भरलेली होती. ती कोणी रिकामी करायला सांगितली नव्हती. मी सगळं घासलेट मोटारसायकलमध्ये ओतलं."

आत स्वयंपाकघरात एक भांडं आपटल्याचा आवाज आला. मी आवाज थोडा खाली आणला.

मी रजई वर केली, किक मारली. एक. काही नाही. दुसरी. नुसती उचकी. तिसऱ्या किकला असा धूर निघाला की झाडावरचे पक्षी दुसऱ्या झाडावर राहायला गेले. आणि ट्रक हलला! सावकाशराव झाडाखालून उठतो तर काय, ट्रक आपला चाललाय घाट चढत. तो माणूस जन्मात पहिल्यांदा धावला. धावत येऊन केबिनला लटकला आणि आत घुसला. "फक्त स्टिअरिंग धरा!" मी मागून ओरडलो. "बाकी आमची बघेल!"

काय चढली हो! वळण आलं की सावकाशराव भोंगा वाजवायचा आणि मी गिअर बदलायचो. एका बसला आम्ही मागे टाकलं. बसमधले लोक खिडक्यांतून बघतायत, की ट्रकात एक माणूस गादीवर बसलाय, गादी गुरगुरतेय आणि गादीला स्वेटर घातलाय. एक म्हातारी बस थांबवायला लागली, म्हणे मला त्यात जायचंय.

घाटमाथ्यावर पोलीस. हात केला, थांबवलं. त्याने पुढचं झाकण उघडायला लावलं. आत सगळं थंडगार.

"यात इंजिन चालू नाही," तो म्हणाला. "मग हा ट्रक आला कसा?"

"इंजिन मागे गादीत आहे, साहेब," सावकाशराव म्हणाला.

पोलीस मागे आला. त्याने रजई उचलली, चाक बघितलं, फळी बघितली, मला बघितलं. मग रस्त्याच्या कडेला दगडावर बसला आणि डोक्याला हात लावला. ट्रक मोटारसायकल नेतोय, तर माल जाऊ दिला पाहिजे. मोटारसायकल ट्रक नेतेय, तर तिच्यावर दोनपेक्षा जास्त माणसं नकोत. आम्ही दोघंच होतो, पण कपाट किती माणसांचं धरायचं? शेवटी तो म्हणाला, "जा बाबांनो. मला घरी बायको विचारते आज काय झालं म्हणून. हे मी सांगू शकत नाही."

एव्हाना गुंडाळणारी दोन्ही माणसं पायरीजवळ येऊन बसली होती. भाडेकरूने त्यांना हटकलं नाही. उलट त्याने स्वतःच विचारलं, "आणि उतारावर? ब्रेक?"

"मोटारसायकलचाच. मागचा ब्रेक दाबला की अख्खा ट्रक जागेवर. एकदा जरा जोरात दाबला, तर पलंग उलगडून तयार झाला."

आत दोन भांडी आपटली. एक पातेलं असावं.

"आणि ओरखडा?" भाडेकरूचा आवाज अगदी बारीक झाला. "काका, ओरखडा गेला का एखादा?"

त्याची पुढे गेलेली बायकोही काहीतरी बजावून गेली असणार, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"एक नाही. ट्रक-अड्ड्यावर गाद्या काढल्या, तर आत आरशासारखी चकचकीत. आरसे मात्र पिठात लोळलेले. ते झटकले, बसवले. गाडी यायला अगदी थोडा वेळ राहिलेला. मी मोटारसायकलवर टांग टाकली आणि सुटलो!"

"घासलेटवर?" टेलर.

"अड्ड्यावर बाटलीभर पेट्रोल मिळालं, तेवढं तरी खरं मान. तर सुटलो. चढाचा रस्ता, पण आमची चौखूर. चौकात वळलो तो असा तिरका, की कोपर जमिनीला घासलं. हा बघा, अजून व्रण आहे."

व्रण खरा आहे. सगळ्यांनी वाकून बघितला.

"रेल्वे स्टेशनात शिरतेय आणि इकडून मी शिरतोय. दारात थांबायचं ठरलं होतं, पण म्हटलं दारात कोण थांबतो? उतारावरून थेट फलाटावर! गाडी अजून थांबलेली नाही, ही डब्याच्या दारात उभी. मी मोटारसायकल डब्याच्या बरोबरीने घेतली आणि हात पुढे केला. हिने डब्यातून पाऊल उचललं ते थेट मागच्या सीटवर! हमाल टाळ्या वाजवतायत, गार्ड शिट्टी फुंकायची विसरलाय. आणि तिथून घरापर्यंत हिला घेऊन गेलो, तो कसा? दोन्ही हात सोडून!"

"वा!" गुंडाळणारा म्हणाला.

"काका," टेलर डोकं खाजवत म्हणाला, "ती मोटारसायकल अजून आहे की तुमच्याकडे. काकू बाजारात जातात ना तिच्यावर. तुम्ही मागे बसलेले असता."

"पिशव्या धरायला कोणीतरी लागतं."

"तसं नव्हे. मी इतकी वर्षं दुकानात बसतो, पण तुम्हाला पुढे बसलेलं..."

त्याचं बोलणं तिथेच राहिलं. कारण दार उघडलं आणि ही चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. सगळ्यांना एकेक कप दिला. माझा कप ट्रेवरच ठेवला आणि ट्रे माझ्या हाताला येणार नाही असा धरला.

"दोन्ही हात सोडून?" हिने विचारलं.

"दोन्ही," मी म्हणालो, पण आवाज काही मघासारखा निघाला नाही.

"ऐक रे बाबा," ही भाडेकरूकडे वळली, "तुला जायचंय, तेव्हा खरं काय ते ऐकून जा. ट्रक रडतखडत का होईना, वेळेवर आला होता. मी स्टेशनच्या दारात आले तर मोटारसायकल नाही. परतीची गाडी पलीकडच्या फलाटावर उभी. बॅग उचलून मी वळणार, एवढ्यात समोरच्या चढावरून एक पांढरं भूत येताना दिसलं. हे होते. अड्ड्यापासून स्टेशनपर्यंत मोटारसायकल ढकलत आणली होती. अंगभर पीठ, एका पायात बूट, दुसरा कुठे पडला त्याचा पत्ता नाही. पेट्रोलची बाटली हँडलला तशीच लटकलेली. चौकात गाडी कलंडली, तेव्हा तिला लागू नये म्हणून हे तिच्याखाली गेले. मी सगळीकडून फिरून बघितलं. तिच्यावर ओरखडा नाही, ओरखडे सगळे ह्यांच्या कोपरावर. म्हटलं, अहो, बसून का नाही आलात? तर खाली बघतात. माझ्या वडिलांना लग्नाआधी छातीठोकपणे सांगितलं होतं ना!"

टेलर चहा प्यायचा थांबला होता.

"मग मी टाकीत पेट्रोल ओतलं, किक मारली, आणि म्हटलं, बसा मागे. परतीची गाडी कधी सुटली, मला कळलंसुद्धा नाही. हे घरापर्यंत डोळे मिटून मला घट्ट धरून बसले होते." तिने माझा कप एकदाचा माझ्या हातात दिला. "आणि म्हणे दोन्ही हात सोडून! अहो, थापा किती माराल? मोटारसायकल चालवता तुम्हाला आजही येत नाही!"