जिन्याखालची इस्त्रीवाली

या, असे पुढे सरकून बसा. मागे बसलं की कथा अर्धीच कानी पडते. आज एका ताईची गोष्ट सांगायची आहे, आणि तिच्या भावाची, ज्याचं बालपण शाळाशाळांतल्या पोरांनी डोक्यावर घेतलं होतं.

भाऊ मुलांसाठी पुस्तकं लिहायचा. आता स्वतःच्या लहानपणीच्या आठवणी लिहीत होता. त्याची रीत अशी, की कच्चं प्रकरण शाळेत नेऊन वाचायचं. पोरं हसली, हळवी झाली, तर ठेवायचं. चुळबुळली तर काट मारायची. पुस्तक छापायला जाण्याआधीचं हे शेवटचं वाचन. ताई पहिल्या रांगेत होती.

त्याने आईचं प्रकरण काढलं. आई झोपताना मांडीवर घेऊन गोष्टी सांगायची, म्हणून मी लेखक झालो, म्हणाला. पोरं हळवी झाली. मुख्याध्यापकांनीही डोळे टिपले. ताईला मात्र खरं ठाऊक होतं. तेव्हा आई अंथरुणाला खिळलेली, बिचारीच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. गोष्टी सांगायची ती जिन्याखालची इस्त्रीवाली. दोघं भावंडं तिच्या टेबलाखाली बसून ऐकायची. एकदा या दिवट्याने वायर ओढली. तापलेली इस्त्री त्याच्या डोक्यावर यायची, ती बाईने तळहातावर झेलली. हात नासला, पू धरला, फडक्याला घाण वास मारायचा. तरी दुसऱ्या हाताने कपड्यांवर इस्त्री फिरवत तिने गोष्ट कधी अर्धी सोडली नाही.

मधल्या सुट्टीत ताईने भावाला गाठून विचारलं, ती बाई कुठे गेली?

चहात बिस्किट बुडवत तो म्हणाला, "अगं, आधी होती की. दोन-तीन शाळांत वाचलंही. पुवाचं आलं की पोरं 'ईई' करतात."

"मग पू काढायचास. बाई कशाला काढलीस?"

"इस्त्रीवालीसाठी कोण रडतं, ताई? आईवर कशी विरघळतात, बघितलंस ना?"

भिजलेल्या बिस्किटाचा लगदा त्याच्या ओठाला चिकटला होता. हेच तोंड तिने लहानपणी कितीदा पुसलं होतं. आज तिकडे बघवेना, किळस आली.

सुट्टी संपताच ती न बोलावता माइकपाशी गेली आणि सगळं सांगू लागली, पुवासकट, वासासकट. पोरांनी 'ईई' केलं. ती थांबली नाही. हळूहळू आवाज विरला. मागून एका मुलीने विचारलं, "मग हात बरा झाला का?"

"दोन बोटं शेवटपर्यंत उघडली नाहीत, बाळा."

कुणी चुळबुळलं नाही. भाऊ व्यासपीठावरून पोरांचे चेहरे न्याहाळत होता. फाटकाशी त्याने ताईला गाठलं. चेहरा खुललेला. "जमलं गं ताई! बोटांचं ठेवतोच. फक्त हात आईचा करतो."

ती त्याच्या गाडीत बसली नाही. चालत घरी गेली.

पुस्तक निघालं, गाजलं. तुमचीही लेकरं ते आवडीने वाचतील, वाचू द्या. पण आईच्या भाजलेल्या हाताचं पान आलं की पळभर थांबा, मायबाप, आणि जिन्याखालच्या त्या माउलीची आठवण काढा.