दुपारी रेंज नसते

मी एक जुना लॅपटॉप. हो, तोच, मांडीवर घेतला की मांडी भाजणारा. हल्लीचे माझे भाऊबंद वहीसारखे सडपातळ, मी आपला विटेसारखा. जरा काम पडलं की धापा टाकतो, पंखा घरघरतो, अंग तापतं. वय झालं की व्हायचंच, त्यात लाजायचं काय?

जन्म कारखान्यातला. टोप्या घातलेली माणसं माझ्यात काहीबाही बसवत होती, एवढंच आठवतं. पहिली नोकरी एका ऑफिसात. तिथले साहेब माझ्यावर पत्ते खेळायचे आणि कोणाची चाहूल लागली की घाईघाईने हिशोबाचा तक्ता उघडायचे. पुढे नवी यंत्रं आली आणि मी कपाटात गेलो. तिथून माझ्या आताच्या मालकिणीच्या, ताईच्या, धाकट्या भावाने मला तिच्यासाठी आणलं. तो कामाला विम्याच्या ऑफिसात, पण घरातले दिवे बदलतो म्हणून आई त्याला इंजिनियर म्हणते.

माझ्यातलं वायफायचं कार्ड मात्र आधीच गेलेलं. त्यामुळे भिंतीवरच्या इंटरनेटच्या डबीपासून माझ्यापर्यंत एक निळी वायर आली. वायर आखूड, म्हणून माझं टेबल बाहेरच्या खोलीत, आईच्या आरामखुर्चीला खेटून. ताई एका ऑनलाइन क्लाससाठी माझ्यावरून मुलांना गणित शिकवायची आणि आई खुर्चीत बसून ऐकायची. नुसतं ऐकलं असतं तर प्रश्नच नव्हता.

"अगं, किती ओरडतेस त्याच्यावर? जेवलाय का विचार आधी."

"आई, माईक चालू आहे."

"मग बरंच झालं. ऐकू गेलं असेल त्याला."

एक दिवस क्लासवाल्यांचा फोन आला. मागे कोणीतरी सारखं बोलतं, अशी पालकांची तक्रार होती. सोमवारपासून दार लावून शिकवा, नाहीतर दुसरं कोणी बघू, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. ताईने लांब वायर आणून आतल्या खोलीपर्यंत नेली, तर दारच लागेना. वर आई त्यात पाय अडकून पडता पडता वाचली.

"दार लावून बसणार? मग मी दिवसभर कोणाशी बोलू, भिंतीशी?"

"भिंत निदान मध्ये बोलणार नाही," ताई हसली. आई हसली नाही.

रविवारी इंजिनियर नवं कार्ड घेऊन आला. मला पालथं घातलं, बॅटरी काढली, पोटावरचं झाकण उघडलं. आतली धूळ बघून म्हणाला, "ताई, यात बाग लावता येईल." झाली ना माझी शोभा! मग बिस्किटाएवढं ते कार्ड तिरकं सरकवून दाबलं, स्क्रू आवळला आणि केसासारख्या दोन तारांची टोकं त्यावर बसवली. एक काळी, एक पांढरी. तेवढं करताना त्याची जीभ बाहेर आली होती.

मला सुलटं करून चालू केलं. नेटवर्कचा पत्ताच नाही. पुन्हा बंद, पुन्हा चालू. शून्य.

"कार्डच खराब दिसतंय. फसवलं दुकानदाराने."

"अरे, उद्या सोमवार!" ताई मटकन बसली. मग हळूच म्हणाली, "जाऊ दे. कळवते त्यांना, मला जमणार नाही." तिने फोन हातात घेतला.

आई टॉवेलच्या घड्या घालत होती. एकाच टॉवेलची घडी ती मघापासून घालत होती आणि मोडत होती.

"त्याच्या पुढच्या कडेला एक खटका आहे," ती मान वर न करता म्हणाली. "रोज पुसताना फडकं अडकतं त्यात. तो बघितलास का, इंजिनियर?"

खटका वायफायचाच निघाला; त्याने तो सरकवला. माझ्या अंगावर निळा दिवा लागला आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची सगळी नेटवर्कं रांगेने हजर झाली.

"आई! आधी का नाही बोललीस?"

"विचारलंत का मला?"

मला कॅमेरा आहे. मला सुलटं करून चालू केल्यापासून तिची नजर त्या खटक्यावरच होती, हे मी पाहिलं होतं. पण लॅपटॉपला कोण विचारतो?

सोमवारी आम्ही आत गेलो. दार लागलं. गणित सुरळीत झालं, कोणी कोणाला जेवलास का विचारलं नाही. शेवटी एक मुलगाच म्हणाला, "मॅडम, आजी बऱ्या आहेत ना?"

दुपारी मुलांची गणितं तपासायची असतात. त्या दिवशी ताईने तीही आतच तपासली. मंगळवारी मात्र तिने मला उचललं आणि बाहेरच्या टेबलावर आणून ठेवलं. टेबल रिकामं होतं, पुसलेलं.

"का गं, बाहेर कशी?"

"दुपारी आत रेंज नसते, आई."

माझ्या कोपऱ्यातल्या रेंजच्या सगळ्या काड्या भरलेल्या होत्या, आतही आणि बाहेरही.

"सकाळी असते आणि दुपारीच जाते?"

"जुना आहे ना गं तो."

आलं माझ्यावर! मी अपमान गिळला आणि पंखा जरा जोरात घरघरवला.

तेवढ्यात इंजिनियरचा फोन आला, कार्ड कसं चाललंय म्हणून. आई शेजारीच. ताईला तीच थाप पुढे रेटावी लागली. तो म्हणाला, "रविवारी येतो, उघडून बघतो."

आईने फोन काढून घेतला. "काही उघडायचं नाही. जेवायला ये. पाना-पक्कड घरी ठेव." मग ताईकडे वळून म्हणाली, "हं, तू ओरडायचीस त्या मुलाचं काय झालं? आलं का उत्तर?"

तर सध्या असं चाललंय. कीबोर्डवरची एक कळ निघालीय, बॅटरी दम धरत नाही, पण दुपारी माझ्या दोन्ही बाजूंना बोलणं असतं. तुम्ही कधी आलात तर माझ्या काड्या मोजू नका. मोजल्यात, तर निदान इंजिनियरसमोर बोलू नका. या वयात पुन्हा पोट उघडून घ्यायची माझी तयारी नाही.