मासे जगतात ते पाणी

आजच्या पिढीने आपली गरज अशी भागवावी की उद्याच्या पिढीच्या तोंडचं पाणी पळू नये, यालाच शाश्वत विकास म्हणतात. हे वाक्य कापड रंगवणाऱ्या एका कारखान्याच्या फाटकावर हिरव्या अक्षरांत लिहिलेलं आहे. तोच हिरवा रंग सोमवारी मागच्या नाल्यात असतो. मंगळवारी तिथे लाल असतो.

नाल्याआधी सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प लागतो आणि प्रकल्पाच्या शेवटी काचेची टाकी. शुद्ध झालेलं पाणी या टाकीतून जातं, टाकीत मासे असतात, आणि मासे जगले म्हणजे पाणी चांगलं, अशी ही साधी सोय. पाहुण्यांना आकडे कळत नाहीत, मासे कळतात. टाकी सांभाळणाऱ्या ऑपरेटरला सगळे मत्स्यमंत्री म्हणत. खातं लहान असलं तरी राजीनामा मागितला जाईल असं त्यात काही नव्हतं.

फक्त पहिले मासे आठवडाभरात मेले होते. दुसऱ्या दिवशी पाहुणे यायचे होते. ऑपरेटरने नवे मासे आणले, शुद्ध पाण्याची चावी बंद केली आणि पिण्याच्या नळाची एक बारीक नळी जमिनीखालून टाकीत सोडली. ही सोय तात्पुरती होती, म्हणून सहा वर्षं टिकली. मासे गुटगुटीत झाले.

मग हरित निधीच्या अर्थतज्ज्ञ बाई आल्या. निधी स्वस्तात कर्ज देणार होता आणि बाई मनापासून काम करणाऱ्या होत्या, हेच अवघड होतं.

"ज्याला किंमत नसते ते माणूस ओतून टाकतो," त्या मॅनेजरना सांगत होत्या. "पाण्याला खरी किंमत लावा, मग एक थेंब वाया जातो का बघा." यात चूक काहीच नव्हतं. या शुद्ध पाण्याने तेव्हा फक्त फरश्या धुतल्या जात. बाई टाकीपाशी थांबल्या.

"काका, तुम्ही स्वतः प्याल हे पाणी?"

मॅनेजर ऑपरेटरकडे बघू लागले. ऑपरेटरला टाकीत काय आहे ते पक्कं ठाऊक होतं. त्याने पेला बुडवला आणि एका दमात रिकामा केला.

"चव कशी आहे?"

"थोडी माशांची येते."

सगळे हसले. बाईंचे डोळे पाणावले. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांना इतका सरळ पुरावा कुणी दिला नव्हता. त्यांनी अहवालात शिफारस केली, की हे पाणी कामगारांच्या वसाहतीला प्यायला द्यावं आणि वसाहतीच्या वाट्याचं नळाचं पाणी कारखान्याच्या नव्या विभागाला. ऑपरेटर याच वसाहतीत राहत होता. घरात बायको होती, मुलगा परगावी कामाला, आणि सुनेला नुकतेच दिवस गेले होते.

तो मॅनेजरच्या खोलीत गेला. "साहेब, टाकीत नळाचं पाणी आहे."

मॅनेजरनी दार लावून घेतलं. "कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"म्हणजे सहा वर्षं तुम्ही कंपनीला फसवताय." त्यांनी समोरची फाइल मिटली. "हे मी ऐकलेलं नाही. ऐकलं असतं तर तुम्हाला काढावं लागलं असतं. क्वार्टरही गेली असती. सूनबाई कशा आहेत?"

"बऱ्या आहेत."

"जपा त्यांना."

महिन्याभरात नळ बदलले. वसाहतीत मिठाई वाटली गेली, कारण पाणी आता दिवसभर येत होतं. ऑपरेटर रोज संध्याकाळी टाकीच्या नळीवरून एक कॅन भरून घरी आणू लागला. सुनेने फक्त त्यातलंच प्यायचं, असा त्याने नियम केला.

"हे कुठलं पाणी, बाबा?" सुनेने विचारलं.

"माशांचं."

"उरलेलं?" बायको म्हणाली.

मग त्याने तिला सगळं सांगितलं. तिने चहाचं भांडं खाली उतरवलं. "म्हणजे या कारखान्यात धड पाणी फक्त माशांना मिळतं."

"हळू बोल."

"समोरच्या घरात दोन लहान पोरी आहेत, अहो. त्यांचं काय?"

"दुसरा कॅन नेला तर लोक विचारतील."

"आणि नाही नेला तर?"

कॅन एकच राहिला. पुढच्या महिन्यांत समोरच्या धाकटीचं अंग सुजू लागलं. आधी पाय, मग चेहरा. डॉक्टर मूत्रपिंड म्हणाले आणि तिला पाणी थोडं पण स्वच्छ पाजायला सांगितलं.

दरम्यान कारखान्याने निधीच्या पैशातून एक नवं यंत्र बसवलं. पाण्याची गळती आपली आपण शोधायची आणि चावी आपली आपण बंद करायची, अशी त्याची ख्याती. पहिल्याच दिवशी त्याने एकच गळती शोधली, टाकीकडे जाणारी बारीक नळी, आणि ती बंद केली. टाकी रिकामी होतेय असं पाहून रात्रपाळीच्या माणसाने भाबडेपणाने शुद्ध पाण्याची चावी सोडली.

सकाळी सगळे मासे पोटं वर करून तरंगत होते. आता लपवायला काही उरलं नाही म्हणून ऑपरेटरला आधी हायसं वाटलं, मग त्याची लाज वाटली. धाकटीला त्याच सकाळी दवाखान्यात हलवलं होतं. त्याने घरी जाऊन बायकोला सांगितलं. तिने नुसता फोन त्याच्या हातात दिला.

"बाई, तुमच्यासमोर प्यायलो ते नळाचं पाणी होतं," तो म्हणाला.

पलीकडून बाईंचा प्रश्न आला. "काका, हे लेखी द्याल?"

त्याने लेखी दिलं. बाईंनी ते जसंच्या तसं वर पाठवलं. वर एक समिती नेमली गेली. समितीने मेलेले मासे पाहिले, चर्चा केली आणि एकमताने ठरवलं, की मासे हे मोजमापाचं विश्वासार्ह साधन नाही. कर्ज चालू राहिलं. बाईंची बदली झाली. ऑपरेटरला फसवणुकीबद्दल काढलं आणि क्वार्टर रिकामी करायला लावली. त्यामुळे सगळ्या वसाहतीत तेवढं एकच कुटुंब त्या पाण्यातून सुटलं. आता ते शहराच्या दुसऱ्या टोकाला एका खोलीत राहतात. तिथे नळ सकाळी तासभर येतो. नात झाली आहे, ठणठणीत आहे. बायको तिला आंघोळ घालताना कुणाशी फारसं बोलत नाही.

समोरची धाकटी अजून दवाखान्यात आहे.

टाकीच्या जागी कारखान्याने मोठा पडदा बसवला आहे. त्यावर मासे पोहतात. पडद्याला पाणी लागत नाही.