खोट्या खंजिराचा खरा वार

मित्रांनो, मी एक जुना खंजीर आहे. घाबरू नका, नाटकातला आहे! लोहाराने माझी धार काढून टाकली, टोक तेवढं शोभेला ठेवलं आणि मुठीत स्प्रिंग बसवली. छातीवर दाबलं की पातं आत सरकायचं आणि बघणाऱ्यांना वाटायचं, गेला बिचारा.

वीस वर्षांत माझ्या वाराने तीन शोकांतिकांचे नायक मेले. राजा हट्टी होता. धरण फुटेल म्हणणाऱ्या गवंड्यालाच त्याने कोंडलं. सेनापती गर्विष्ठ. 'माघार घे' म्हणणारी आई त्याला भित्री वाटली. न्यायाधीश मात्र सज्जन होता. बायको विनवत असताना त्याने पुराव्यावर विसंबून आपल्याच निर्दोष मुलाला फाशी दिली. मला त्याचंच फार वाईट वाटायचं. पण वेळेवर सांगणारं माणूस तिघांनाही होतं, आणि तिघांनीही त्याला उडवून लावलं. शेवटी पस्तावून तिघेही मला स्वतःच्याच छातीत खुपसत.

तिन्ही भूमिका एकच नट करायचा. सगळे त्याला दादा म्हणत. त्याची थोरली बहीण विंगेत वही घेऊन बसे आणि तो अडला की हळूच वाक्य पुरवी.

माझी काळजी सामानवाले मामा घेत. प्रयोगाआधी तेल घालून ते मला स्वतःच्या तळहातावर दाबून बघत. एका दुपारी माझं पातं आत सरकेना.

"दादा, आज हा नको. स्प्रिंग अडकतेय."

"मामा, वीस वर्षं मरतोय मी! आता मरायला तुम्ही शिकवणार?" दादांनी हसत मला ओढून घेतलं. मामांनी तेलाची बाटली बंद केली.

शेवटच्या प्रवेशात न्यायाधीश झालेल्या दादांनी मला सगळा जोर लावून छातीत मारलं. मी सरकलो नाही. ते गुडघ्यांवर कोसळले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. नायकाचं शेवटचं वाक्य ऐकूनच पडदा पाडायचा, अशी आमची रीत. वाक्य येईना, म्हणून पडदा पडेना. बहिणीला वाटलं, भाऊ विसरला. ती विंगेतून सांगत राहिली, "मी ऐकलं नाही... अरे, म्हण ना, मी ऐकलं नाही..."

मामा धावत आले, तोवर सगळं संपलं होतं.

मित्रांनो, वस्तूची निगा राखा, आणि निगा राखणारा 'आज नको' म्हणाला तर त्याचं ऐका. आता मला कुणी रंगमंचावर नेत नाही. मामा मात्र रोज कपाट उघडतात, तेल घालतात, तळहातावर दाबून बघतात. मी अगदी अलगद आत सरकतो. मामा तरीही पुन्हा दाबून बघतात.