पायांतली करवत

आश्विनातलं ऊन मोरणेच्या खोऱ्यात उतरतं ते सावकाश. आधी कड्याच्या माथ्यावर रेंगाळतं, मग सोनकीच्या फुलांनी पिवळ्याधमक झालेल्या उतारावरून खाली येतं, लोंबीत आलेल्या भाताला कुरवाळतं, आणि सरतेशेवटी घोटवाडीच्या टोकाच्या घरात, केरबा सुताराच्या सोप्यात शिरतं. उन्हाला या सोप्याची जुनी सवय आहे.

कारण इथे त्याला चमकायला जागा असायची. रंध्याच्या पात्यावर चमकावं, पटाश्यांच्या रांगेवरून धावावं, करवतीच्या दात्यादात्यावर थेंबाथेंबाने लखलखावं. यंदा मात्र ऊन आलं आणि नुसतंच बसून राहिलं. हत्यारं पोत्याखाली होती. अवघ्या पावसाळ्यात त्यांना कुणाचा हात लागला नव्हता, आणि पायही लागला नव्हता.

पाय म्हटल्यावर दचकायचं कारण नाही. जुना सुतार जमिनीवर बसून काम करतो. त्याचे हात कापतात, तासतात, घासतात. धरतात ते पाय. शहरातल्या सुताराच्या टेबलाला लोखंडी शिकंजा असतो, केरबाचा शिकंजा त्याला आईच्या पोटातूनच मिळाला होता. करवतीला धार लावायची म्हणजे ती दात वर करून उभी धरायची, दोन्ही चवड्यांमध्ये घट्ट आवळायची, आणि मग तीन धारांची कानस एकेका दात्यावरून फिरवायची. पातं जराही हललं की दाता बिघडलाच.

आणि हत्यार म्हणजे देव. देवाला पाय लागला तर नमस्कार करायचा. दिवसभरात पाय तर सारखाच लागणार, म्हणून केरबा सकाळी एकदाच करवतीला हात लावून तो कपाळाला न्यायचा आणि दिवसभराची माफी आगाऊच मागून ठेवायचा. देवाचीही त्याला हरकत नसावी, कारण करवत कधी रुसली नाही.

वैशाखात त्याच्या उजव्या पायात बाभळीचा काटा मोडला. काटा तो केवढा! पण रक्तात साखर होती, जखम भरेना, भरेना म्हणता म्हणता काळी पडली, आणि कऱ्हाडच्या दवाखान्यात उजवा चवडा काढावा लागला. जीव वाचला. टाच राहिली. कुबडी काखेत धरून माणूस टाचेवर चालतो, देवळापर्यंत जातो, पारावरही बसतो. टाचेने करवत मात्र धरता येत नाही.

घरी आल्यावर केरबाने त्या उरलेल्या पावलावर पंचा टाकला. जेवताना पंचा, झोपताना पंचा, माणसं भेटायला आली की दुहेरी घडीचा पंचा. त्याची बायको अनसा औषध लावायला तो बाजूला करायची, तेव्हा केरबा आढ्याचे वासे असे न्याहाळायचा की जणू ते उद्याच बदलायचे आहेत.

भाद्रपद सरता सरता त्याने पुतण्याला निरोप धाडला. विलासचं पाटणला फर्निचरचं दुकान, तिथे विजेवरची यंत्रं. निरोप एवढाच होता, की खंडेनवमीची पूजा झाली की हत्यारं घेऊन जा.

बापाची हत्यारं, बापाला त्याच्या बापाकडून आलेली. सुताराने हत्यारं देऊन टाकणं म्हणजे काय, हे अनसाला कुणी समजावून सांगायला नको होतं. माणूस घरात राहतो, त्यातला सुतार निघून जातो. पण केरबाच्या शब्दाला उलटून बोलायची तिची रीत नव्हती, म्हणून ती भांडी जरा जास्त आपटायची.

नवमी जवळ आली तशी एका दुपारी केरबाने पोतं बाजूला केलं आणि करवत बाहेर काढली. तांबूस गंज तिच्या अंगावर पसरलेला, दाते बोथट, मूठ तेवढी हातांच्या घामाने काळीभोर, गुळगुळीत. असली गंजकी करवत कुणाच्या हाती द्यायची नाही, एवढी लाज त्याच्यात अजून शिल्लक होती.

त्याने ती गुडघ्यांत धरली. कानस फिरवली आणि करवत अशी किंचाळली की अंगणातली कोंबडी उडाली. मग एक बाजू डाव्या चवड्याने खांबाला रेटून पाहिली. पातं थरथरलं, सटकलं, कानस दगडावर आपटली. त्याने ती उचलून मांडीवर ठेवली. गंजाचा वास आणि भाताचा वास एकाच वाऱ्यावर येत होता.

"लाकडाचा चिमटा पायजे," तो शेवटी स्वतःशीच म्हणाला. हातवारे करत त्याने तो हवेत बांधूनही टाकला. दोन उभे खुंट, खुंटांच्या डोक्यात खाली निमुळती होत जाणारी खाच, खाचेत दोन फळ्या, फळ्यांच्या मध्ये करवत. वरून हातोडी मारली की फळ्या खाली दबतात आणि पात्याला घट्ट चावतात. माळ्यावर बाभळीचं लाकूड होतं, एका गाडीच्या चाकातून उरलेलं, वाळून लोखंड झालेलं. बाभळीनेच पाय घेतला, आता तिनेच द्यावा.

आणि मग तो हसला, पण ते हसू चांगलं नव्हतं. बाभूळ कापायला धारेची करवत हवी, करवतीला धार लावायला चिमटा हवा, आणि चिमटा व्हायला आधी बाभूळ कापायला हवी. त्याने करवत खाली ठेवली.

अनसा आत तांदूळ निवडत होती. तिने सूप बाजूला ठेवलं आणि बाहेर आली.

"आणा हिकडं. मी धरते."

"हातानं धरायची न्हवं ती. हात हालतो. पायात धरावी लागती."

"मग पायात धरते."

केरबाने मान वर केली. "बाईमाणसानं हत्याराला पाय लावायचा?"

"तुमी जलमभर लावला, त्यो कसा चालला?"

"मी रोज पाया पडतो की."

"मग मी बी पडंन. माझ्या कपाळाला काय काटं हाईत व्हय?"

ती त्याच्या समोर बसली. लुगडं पोटऱ्यांशी खोचलं, करवतीला हात लावून कपाळाला नेला, आणि मग तिने पाय लांब केले.

ही साधी गोष्ट नव्हती. लग्न होऊन या घरात आली तेव्हा सासूने तिला सांगितलं होतं, नवऱ्याकडे पाय करून बसू नये. अनसाने ते आजवर पाळलं होतं. उन्हाळ्यात अंगणात पाठ टेकली तरी अंधारात आधी तो कुठे निजलाय ते बघायची आणि पाय वळवून घ्यायची. तेच पाय आता त्याच्या पुढ्यात होते. चिखलणीत रोवलेले, बांधावर झिजलेले, भेगाळ, जोडव्यांनी घट्टे पडलेले पाय. इतक्या वर्षांच्या संसारात केरबाने ते असे समोरून कधी पाहिलेच नव्हते.

त्याने दात वर करून करवत त्या दोन चवड्यांमध्ये दिली. अनसाने आवळली. त्याने पातं हलवून पाहिलं. हललं नाही.

कानस पहिल्या दात्यावरून गेली. खर्रर्र. त्या आवाजासरशी अनसाच्या तळव्यांतून मुंग्या उठल्या, घोट्यांतून पोटरीत चढल्या, गुडघ्यापर्यंत आल्या, आणि ती खुदकन हसली.

"हालू नगंस!"

"गुदगुल्या व्हत्यात."

"माझ्या पायाला कदी झाल्या न्हाईत."

"तुमच्या पायाला काय कळतंय!"

बोलून गेली आणि तिने जीभ चावली. पंच्याखालचा पाय मुकाट पडून होता. आणि मग केरबा हसला, चांगलं हसला, पोटातून हसला, वैशाखानंतर पहिल्यांदाच हसला. अनसाला रडू आलं, ते तिने हसण्यातच खपवलं.

मग काम सुरू झालं. एक दाता घासायचा, एक सोडायचा. टोकापर्यंत गेलं की करवत फिरवायची आणि सोडलेले दाते दुसऱ्या बाजूने घासायचे. कानस पुढे जाताना दाब, मागे येताना उचल. पुढे जाताना दाब, मागे येताना उचल. हळूहळू अनसाच्या पायांना त्याच्या हाताचा ठेका कळू लागला. कानस टेकायच्या आधीच तिचे चवडे आवळायचे आणि उचलली की सैल पडायचे. ऊन त्या दोघांच्या मध्ये येऊन बसलं होतं, आणि एकेका दात्याबरोबर त्याला चमकायला थोडी थोडी जागा मिळत होती.

लोखंडाचा रुपेरी भुगा तिच्या पावलांवर पडत राहिला, भेगांत शिरला, जोडव्यांवर साचला. शेवटचा दाता झाला तेव्हा केरबाने करवत उचलली, उन्हात धरली, एक डोळा मिटून दात्यांची रांग पाहिली. पुसायला काहीतरी हवं होतं. त्याने बाजूला चाचपलं, हाताला पंचा आला, तो त्याने उचलला आणि पातं पुसायला लागला.

अर्धं पाऊल उन्हात उघडं पडलं. अनसाने पाहिलं आणि लगेच डोंगराकडे तोंड फिरवलं. तिथे सोनकी होती, ती तिने खूप वेळ पाहिली. केरबाच्या मात्र काही ध्यानातच आलं नाही. तो करवत पुसत होता.

दुसऱ्या दिवशी बाभूळ माळ्यावरून खाली आली. लाकूड धरायलाही तेच पाय, खुंटाला खाच पाडतानाही तेच पाय. धारेची करवत बाभळीत शिरली तेव्हा तिने असा काही सूर लावला की शेजारच्या खळ्यातल्या बायका मान वळवून बघायला लागल्या. तांबडा, गोडसर वासाचा भुसा सोप्यात साचला. केरबा खेकसत होता, अनसा उलट बोलत होती. घरात पुन्हा सुतारकाम चालू आहे, हे आळीला त्यावरूनच कळलं.

चिमटा उभा राहिला. चौरंगावर बसलं की केरबाच्या छातीशी येईल एवढा, रांगडा, रुंद पायांचा. पण करवत अडकवून कानस फिरवली तर पातं अजून जरासं कण्हत होतं. लाकूड लोखंडाला चावतं खरं, पण मऊ धरत नाही. मध्ये कातडं हवं होतं.

केरबाने इकडेतिकडे पाहिलं. भिंतीला खुंटीवर त्याच्या वहाणा टांगलेल्या होत्या, जाड कातड्याच्या, करकर वाजणाऱ्या. डावी झिजत होती, उजवी वैशाखापासून तशीच होती. त्याने उजवी काढून घेतली. क्षणभर हातात तोलली. मग पटाशीने तिचा पुढचा भाग, चवड्याचा, सरळ कापून काढला.

"अवो, वहाण? हत्याराला?" अनसा म्हणाली.

"धू. त्याल लाव. तिची जागा तीच हाय, चवड्याची."

तिने ते कातडं धुतलं, उन्हात वाळवलं, तेल पाजलं. त्याचे दोन पट्टे दोन फळ्यांच्या आतल्या अंगाला बसले. करवत मध्ये उतरली, वरून हातोडीचा एक ठोका पडला. केरबाने कानस फिरवली. पातं कण्हलं नाही की थरथरलं नाही. त्याच्या डाव्या पायाची बोटं जमिनीवर आपसूक आवळली गेली.

खंडेनवमीला हत्यारं पाटावर मांडली गेली. रंधे, पटाश्या, वाकस, किकरं, हातोडी, आणि शेजारी उभा चिमटा, त्याच्या तोंडात करवत. झेंडूची पिवळी-केशरी रास, उदबत्तीचा निळा धूर, हळदीचा ओला वास. विलास आला तो पोतं घेऊनच आला. दारात वहाणा काढून तो सोप्यात उभा राहिला आणि चिमट्याकडे बघत राहिला. मग त्याने करवतीच्या दात्यावरून अंगठा फिरवला आणि झटकन मागे घेतला.

"तात्या, ही धार तुमी लावली? एकल्यानं?"

"एकल्यानं कशाला?" केरबा म्हणाला.

विलासने हातातल्या पोत्याकडे पाहिलं. "मग... ही न्यायची का ऱ्हाऊ द्यायची?"

"ऱ्हाऊ दे. पोतं बी ऱ्हाऊ दे, भुसा भराय व्हईल. आन् तुझ्या दुकानातल्या करवती बोथटल्या की घिऊन येत जा."

मग तो पूजेला बसला. एकेका हत्याराला हळदीचं बोट, कुंकवाचं बोट, मग हात कपाळाला. रंध्याला, पटाशीला, वाकसाला, चिमट्याला. सगळी झाली. केरबाने कुंकवाचा करंडा मात्र मिटला नाही.

"आजून एक ऱ्हायलंय," तो म्हणाला. "अनसा, भाईर ये. बस हितं. पाय फुडं कर."

"अवो, काय करतासा! पोरगं बघतंय."

"बघू दे. त्यो बी सुताराचाच हाय."

ती बसली. पाय पुढे केले. लाजेने तिने तोंडावर पदर घेतला, त्यामुळे तिचे डोळे कुणाला दिसले नाहीत. केरबा वाकला. दोन्ही चवड्यांच्या आतल्या अंगाला, जिथे करवत धरली होती तिथे, त्याने हळदीचं बोट लावलं, कुंकवाचं बोट लावलं. मग हात कपाळाला नेला, तसाच, जसा रोज सकाळी न्यायचा. विलासने पोत्याची घडी केली आणि खाली बघत राहिला.

चुलीवर नैवेद्याचं दूध उतू चाललं होतं. अनसा लगबगीने उठली आणि जागीच थबकली. चवडा टेकला असता तर कुंकू पुसलं असतं. मग तिने बोटं वर उचलली आणि सारवलेल्या भुईवरून, भिंतीला हात टेकत, डुगडुगत आत निघाली.

केरबाने कुबडी ओढली आणि दूध उतरवायला तिच्या मागोमाग गेला. पुढे ती, मागे तो. ऊन सोप्यात बसून बघत होतं. त्या घरात टाचेवर चालणारी आता दोघं झाली होती.