डोक्यावर ठेवलेला तांब्या

मी एक जुना अँटेना आहे आणि मला राग आलेला आहे. हे आधीच सांगितलेलं बरं. जुन्या वस्तू आपली हकिकत सांगायला बसल्या की गळा दाटून आणतात. मला ते जमत नाही. माझ्या सांध्यांवर गंज चढला, रागावर काही चढला नाही.

मित्रांनो, मी टीव्हीचा अँटेना नव्हे. ज्या घराशेजारी मी उभा आहे त्या घरात टीव्ही कधी नव्हताच. तरी कुणी परकं माणूस वस्तीवर आलं आणि वर बघून "हे काय?" म्हणालं, की घरधनी सहादेव चटकन सांगायचा, "टीव्हीचा हाय." कारण माझ्यासारख्याला सरकारी परवाना लागतो म्हणे आणि तो कुणी काढलेला नव्हता. म्हणजे जन्मापासून मला खोट्या नावानं उभं राहावं लागलं. रागाची सुरुवात तिथूनच धरा.

मी फोनचा अँटेना. पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या गावात तारेचा फोन आला, पण फोनचे खांब गावच्या वेशीपाशीच थांबले. सहादेवची वस्ती डोंगराच्या धारेपलीकडं. तिथपर्यंत खांब कोण रोवणार? मग गावात राहणाऱ्या रंगनाथनं, म्हणजे सहादेवच्या धाकट्या भावानं, नगरहून लांब पल्ल्याचा बिनतारी फोन आणला. त्याचा मुख्य डबा रंगनाथच्या घरी, तारेच्या फोनला जोडलेला. हातात धरून बोलायचा भाग सहादेवच्या वस्तीवर. दोन्ही घरांवर एकेक अँटेना. रंगनाथच्या घरावरचा माझा जोडीदार, आणि वस्तीवर मी. आम्ही दोघांनी डोंगरावरून एकमेकांना हाका मारायच्या, की माणसांचं बोलणं झालं.

मला पाथर्डीच्या अमृतनं घडवलं. तो रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचा. अॅल्युमिनियमची एक उभी कांडी आणि तिच्या बुडाशी छत्रीसारख्या पसरलेल्या चार काड्या, एवढाच मी. आधी त्यानं मला घराच्या धाब्यावर एका बांबूला बांधलं. फोनमध्ये नुसती खरखर. मधला डोंगर आडवा येत होता. मग बोअरचा निकामी झालेला पाइप आणला, त्याला दुसरा जोडला, तारांचे ताण दिले. अमृत पाइप धरून वरखाली करायचा, सहादेव तो फिरवायचा आणि त्याची बायको कडूबाई घरातून ओरडायची, "न्हाई आलं! अजून न्हाई! थांबा, थांबा, कोन तरी खोकलं!"

खोकणारा रंगनाथ होता. त्या एका खोकल्यावर वस्तीत गूळ वाटला गेला.

जाताना अमृत बजावून गेला, "मामा, शेंड्याला कायबी बांधू नका बरं का. वरची कांडी मोकळी राहिली पाहिजे. तिच्यावर लोखंड-तांबं आलं की ह्यो मुका झाला म्हणून समजा."

"मी काय खुळा हाय व्हय?" सहादेव म्हणाला.

यावर मी काही बोलत नाही. पुढं ऐका.

ती वर्षं बरी गेली. वस्तीवरची माणसं ऊसतोडीला गेली की त्यांचे निरोप माझ्यातून यायचे. सहादेव येणाऱ्या-जाणाऱ्याला मान वर करायला लावायचा. "पंचक्रोशीत एवढा उंच खांब दावा!" त्याला माझ्या बोलण्यापेक्षा माझ्या उंचीचं कौतुक जास्त. मला तेव्हा ते गोड वाटलं. आता वाटत नाही.

मग सहादेव-कडूबाईची लेक माधुरी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. दिवस भरत आले तसं रंगनाथ म्हणाला, "तिला गावात आनून ठेवा, माझ्याकडं जीप हाय, दवाखाना जवळ पडंल." सहादेवनं माझ्याकडं बोट केलं. "ह्यो कशाला उभा केलाय? तू पाडव्यालाबी जीप घेऊन घरीच थांब. एक फोन केला की जीप दारात."

म्हणजे ती पोर वस्तीवर राहिली ती माझ्या भरवशावर. हे लक्षात ठेवा, मित्रांनो. मी तर क्षणभर विसरलो नाही.

पाडव्याच्या सकाळी सहादेव काठपदराची साडी, गाठी, कडुलिंबाचा डहाळा आणि तांब्याचा तांब्या घेऊन माझ्यापाशी आला. ताण सैल करून त्यानं मला आडवं पाडलं.

"अवो, हे काय?" कडूबाई म्हणाली. "बांबू हाय की परड्यात."

"बांबू सगळ्यांचाच असतोय. औंदाची गुढी अशी उभारतो, डोंगरापलीकडून दिसंल."

"अमृत काय बोलला होता?"

"तो कापडाचं, पतंगाचं बोलला. गुढीचं कुठं बोलला? देवाच्या कामाला कुनी आडवं येतं का?"

माझ्या चार काड्यांवर साडी चढली. आणि उभ्या कांडीवर, जिच्यातून मी ऐकायचो आणि बोलायचो, तिच्यावर पालथा तांब्या बसला. अगदी माझ्या मापाचा. मला पुन्हा उभं केलं. सहादेवनं हळदकुंकू वाहिलं, हात जोडले. माझ्या आत काळोख. पलीकडून जोडीदार हाक मारत असणार. मला काही ऐकू येईना.

कुणी दगड मारला असता तर मी समजून घेतलं असतं. यांनी मला नमस्कार करून मुकं केलं.

जेवणं व्हायच्या आतच माधुरीच्या पोटात दुखायला लागलं. वस्तीवरच्या रतनबाईनं कितीतरी पोरं हातावर घेतलेली. तिनं पोटावर हात फिरवला आणि तिचा चेहरा उतरला. "कडू, पोर आडवं हाय गं. हे माझ्या हातचं न्हाई. दवाखाना गाठा, लगोलग."

सहादेवनं फोन उचलला. खर्र. पुन्हा लावला. खर्र.

मग सुरू झाला तोच जुना खेळ. सहादेव पाइप फिरवतोय आणि ओरडतोय, "आलं का?" आतून कडूबाई, "न्हाई!" "आता?" "न्हाई वो!" वर तांब्या माझ्यावर टणटण आपटतोय. सहादेव मला शिव्या देतोय. "ऐन वक्ताला दगा दिला भडव्यानं! त्या अमृतचं कामच कच्चं!"

मित्रांनो, मला तोंड असतं तर त्या दिवशी डोंगराला तडा गेला असता.

"फिरवीत काय बसलाय?" रतनबाई दारातून कडाडली. "चालत तरी निघा कुनी!"

"धार चढून गावात जाईस्तोवर वेळ लागंल. फोन आत्ता लागतोय."

आतून माधुरी ओरडली. "आये गं, जीप आली का?"

तेवढ्यात वारं उठलं. साडी फुगली, तांब्या एका बाजूला कलला आणि माझ्या कांडीचं टोक जरासं उघडं पडलं. मी जीव खाऊन हाक मारली. कडूबाईच्या कानाला लावलेल्या फोनमधून रंगनाथचा आवाज आला, "हॅलो? कोन, वहि..." वारं पडलं. तांब्या जागेवर बसला. खर्र.

कडूबाई फोन हातात घेऊनच बाहेर आली. तिनं वर पाहिलं. पुन्हा वारं आलं, तांब्या हलला, फोन पुटपुटला. तिनं फोनकडं पाहिलं, तांब्याकडं पाहिलं.

"गुढी उतरवा."

"खुळी का तू? दिस बुडायच्या आत गुढी उतरवायची? वरीसभर घराला..."

"पोर गेल्यावर वरीस कुनाच्या घराला, वो?"

सहादेव जागचा हलला नाही. त्याला वाईट म्हणू का? त्याच्या मनात भीती होती, खरी भीती, लेकीसाठीचीच. पण भ्यालेल्या माणसानं वाट अडवली तरी वाट अडतेच.

कडूबाई शिडी लावून धाब्यावर चढली. तिथून साडीचा लोंबता पदर तिच्या हाताला आला. ती साडी तिच्या लग्नातली. तिनं दोन्ही हातांनी पदर पिळून धरला आणि अंगाचा भार टाकून ओढला. काठ टर्रकन फाटला. माझी एक काडी वाकली. तांब्या माझ्या डोक्यावरून निसटला आणि खाली दगडी ओट्यावर खणकन आदळला.

उजेड! कडूबाईनं खाली धावत येऊन फोन लावला. मी एवढ्या जोरानं हाक मारली की रंगनाथ घरात फोनवर ओरडला म्हणे, "अवो वहिनी, कान फुटंल माझा!"

"भावजी, जीप काढा. पोर आडवं हाय."

जीप आली. माधुरी पाथर्डीच्या दवाखान्यात पोचली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी उशीर झाला असता तर एकही जीव हाती लागला नसता. मुलगी झाली. दोघी वाचल्या.

आता माझ्या रागाचं मूळ ऐका. बारशाला सहादेव आल्या-गेल्याला सांगत होता, "गुढीनंच तारलं बघा. अँटेना ऐन वक्ताला बंद, पन देवाची कृपा." चेपलेला तांब्या देव्हाऱ्यात गेला. अमृत माझी काडी सरळ करायला आला, तर सहादेवनं त्याला वाटेतूनच परत धाडलं. काडी अजून वाकडी आहे.

पुढं सरकारी खांब डोंगर ओलांडून आले. वस्तीवर तारेचा फोन आला. माझी केबल विळ्यानं कापली आणि तिची वाळवणाची दोरी झाली. आता तिचं एक टोक माझ्याच कमरेला बांधलंय. अंगावर घोसाळ्याचा वेल आहे. माझ्याकडं बघून कुणी काही विचारत नाही. आता खरं नाव सांगायला हरकत नव्हती, पण विचारणारंच कुणी उरलं नाही.

यंदाच्या पाडव्याला सहादेव पुन्हा तोच चेपका तांब्या घेऊन माझ्याकडं आला. कडूबाई आडवी आली. "त्याच्यावर न्हाई."

"आता तर मेलेलाच हाय तो. काय बिघडतंय?"

"मेलेल्याच्या बी तोंडावर पालथं घालायचं न्हाई." तिनं परड्यातला बांबू त्याच्या हातात दिला. गुढी माझ्यापेक्षा बुटकी उभी राहिली आणि छान दिसली.

मित्रांनो, तुमच्या घरीही असं कुणी असेल, ज्याच्या भरवशावर तुम्ही निर्धास्त झोपता. ती वस्तू असेल नाहीतर माणूस. त्याला पुसा, त्याचे ताण आवळा, वाकलं असेल ते सरळ करा. हार घालायचा असला तर जरूर घाला, पण आधी त्याचं तोंड मोकळं आहे ना ते बघा.

परवा माधुरी लेकीला घेऊन आली होती. ती चिमुरडी वेलात शिरली, माझ्या पाइपाला कान लावून उभी राहिली आणि ओरडली, "आजी, ह्यो हॅलो म्हणतोय!"

खरं सांगू? पाइपात वारं शिरलं होतं आणि मी सहादेवला शिव्या देत होतो. पण तिनं पुन्हा कान लावला. मग मी शिव्या थांबवल्या आणि पुढचं वारं आलं तेव्हा खरोखरच हॅलो म्हणालो.